कोणता हात, ते लिहायचं राहिलं

मला मेडिकलची सीट मिळाली असती. हे आधीच सांगून टाकते, कारण सायन्स सोडून वकिलीकडे वळलेल्या बाईबद्दल लोक दोनच अंदाज बांधतात. एक तर मार्क कमी पडले असतील, नाहीतर रक्त बघून चक्कर आली असेल. मार्क पुरेसे होते. आणि रक्ताचं म्हणाल, तर कॉलेजच्या प्रॅक्टिकलला शेजारच्या टेबलावरच्या दोन मुलींचे बेडूकसुद्धा मीच कापून दिले होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घर बोईसरला, पॉवर स्टेशनच्या कॉलनीत, कॉलेज पालघरला. कॉलनीत बहुतेक सगळे बाहेरून आलेले, कोणी साताऱ्याकडचे, कोणी नागपूरकडचे. शेत, घर, भाऊबंदकी जे काय असेल ते गावाकडे राहिलेलं, त्यामुळे इथे ज्याची त्याची इस्टेट म्हणजे मुलांचे मार्क. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं होती. त्यातली दोन मुलं इंजिनियर होणार हे ठरलेलं होतं. डॉक्टरची जागा रिकामी होती, ती दहावीच्या निकालानंतर मला मिळाली. मी ती मागितली नव्हती आणि नाकारलीही नव्हती. समोरच्या काकू तेव्हापासूनच जिन्यात थांबवून सुजलेला गुडघा दाखवायच्या. म्हणायच्या, "आत्ताच बघून ठेव गं. पुढे फी लावशील."

बाबा प्लांटमध्ये शिफ्टवर होते. तिथल्या कामाबद्दल ते घरी फारसं बोलत नसत, पण तिथली एक पद्धत त्यांनी घरात आणली होती. चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही. शिफ्ट संपली म्हणून डबा उचलून चालू पडता येत नसे. काय चालू आहे, काय बंद आहे, काय अर्धवट आहे ते लॉगबुकात लिहायचं. पुढच्या माणसानं ते वाचायचं, शंका विचारायच्या आणि 'घेतला' म्हणायचं. मग घरी. आमच्याकडे आई बाजारात निघाली की दारातून मला चार्ज द्यायची. "कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, एक बाकी. पाणी सहाला येईल. दूध तापवलेलं नाही." मी 'घेतला' म्हटल्याशिवाय ती चप्पल घालत नसे. लग्नाआधी ती अशी नव्हती, असं मामा म्हणायचा.

बारावीची परीक्षा संपली तशी बाबांनी मला बोईसरच्या बाजारातल्या एका डॉक्टरांकडे नेऊन बसवलं. डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. "निकाल लागेपर्यंत नुसती बघ," बाबा म्हणाले. "सवय होईल."

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत बाकडी आणि कंपाउंडरची खिडकी, आत डॉक्टर. कंपाउंडर साठीचे होते. औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून डोस दाखवायचे आणि त्या पट्टीच्या कातरकामाचा त्यांना अभिमान होता. पेशंट बहुतेक कारखान्यांतले. कुंभवलीच्या चाळींतून राहणारे, कोणी उत्तरेकडून आलेले, कोणी इथलेच, डोंगराकडचे, भात कापून झालं की कामाला खाली उतरलेले. मला केसपेपर लिहायचं काम मिळालं. नाव, वय, गाव, तक्रार.

आधी हे काम कंपाउंडर करायचे. तक्रारीच्या जागी एकच शब्द असायचा. ताप. पोट. हात. मला ते बघवेना. लॉगबुकाच्या घरात वाढलेल्या मुलीला 'हात' ही नोंद वाटत नाही. मी लिहायला लागले ते असं: ताप, परवा संध्याकाळपासून, वाणगावला लग्नाला जाऊन आल्यावर; त्याच पंगतीतल्या आणखी तिघांना. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात बाकडी भरून रांग रस्त्यावर गेली. कंपाउंडर खिडकीतून ओरडले, "फौजदारीणबाई, पंचनामा झाला असेल तर आसामीला आत सोडा."

ते नाव मला तिथे चिकटलं. पेशंटसुद्धा हसायचे. मला राग यायला हवा होता, तो आला नाही.

मे महिन्यात एका सकाळी एक माणूस आला. पंचविशीचा, डोंगराकडचा, कपड्यांना रंग देणाऱ्या एका कारखान्यात कामाला. बरोबर बायको. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. एका हाताला कुठलं तरी फडकं गुंडाळलेलं आणि ते लाल. मी केसपेपर ओढला आणि विचारायला लागले. कुठे झालं? रोलरमध्ये. कोणत्या? निळ्या रंगाच्या. किती वाजता? आताच, चहाच्या आधी. रोलरला जाळी नसते का?

"जाली हाय. काडून ठेवलेली. माल अडकतो म्हनून."

"कोणी काढली?"

तो उत्तर द्यायच्या आधी बायको माझ्या टेबलाशी आली. आवाज चढवला नाही, फक्त टेबलावर हात ठेवला. "बाय, पयला हात बांद त्याचा. मंग इचार काय इचारायचा ता."

तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. केसपेपरच्या कोपऱ्यावर रक्ताचे तीन थेंब पडले होते, आणि मी लिहिताना कागद जरासा बाजूला सरकवला होता, अक्षर खराब होऊ नये म्हणून. सरकवल्याचं मला आठवत होतं. थेंब कशाचे ते मनात आलंच नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर स्वतः बाहेर आले, त्याला खांद्याला धरून आत घेऊन गेले. दोन बोटांची टोकं गेली होती. टाके घालताना मी ट्रे धरून उभी होते, हात स्थिर होता माझा. डोक्यात मात्र एकच चालू होतं, की जाळी कोणी काढली ते विचारायचं राहिलं. ड्रेसिंग झाल्यावर मी त्याला तेही विचारलं आणि लिहून टाकलं. सुपरवायझरनं.

दुसऱ्या दिवशी तो सुपरवायझर आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बाकड्यावर न बसता सरळ माझ्या टेबलाशी.

"मॅडम, कल का पेपर जरा गलत लिख गया है. वो आदमी घर पे लकडी काट रहा था."

मी म्हटलं, "घर पे लकडी काटने से दोनो हाथ नीले होते हैं क्या?"

बाकड्यावरचे दोघेतिघे हसले. त्यानं मला नीट बघून घेतलं. "आप डॉक्टर हो?"

"नहीं."

"नर्स?"

"नहीं."

"फिर आप हो कौन?"

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "लिखा हुआ कागज यहाँ बदलता नहीं, भाई. दवा चाहिये तो नंबर लगाओ." तो गेला. कंपाउंडर पट्टी कातरत होते, मान वर न करता म्हणाले, "फौजदारीणबाई, आज रजा घ्या. आजचं काम झालं तुमचं."

त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मी इतकी खूश होते, की कॉलनीच्या गेटपाशी वॉचमननं विचारलं, निकाल लागला का. रात्री जेवताना मला ते खटकलं. दीड महिन्यात माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी माणसं बरी होऊन गेली होती. न्यूमोनियातून उठलेलं एक मूल आईच्या कडेवर बसून मला हात हलवून गेलं होतं. तेव्हा असं काही वाटलं नव्हतं. चांगलं वाटलं होतं, बस्स. आणि त्या निळ्या हातांच्या माणसाची बोटं तर परत येणार नव्हती, तरी मी खूश होते. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

जूनच्या सुरुवातीला पालघरहून एक वकील आले. वयस्कर, काखेत फाइल, पायात रबरी चप्पल. बोटं गेलेल्या त्या माणसाच्या मेव्हण्यानं त्यांना गाठलं होतं. कारखान्यानं तो त्या दिवशी कामावर नव्हताच असं म्हणायला सुरुवात केली होती, आणि आमच्या दवाखान्यातला कागद सोडून त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. डॉक्टरांनी केसपेपर काढून दिला. वकील बाकड्यावर बसून वाचायला लागले. वाचता वाचता त्यांची मान हलत होती. जागा, वेळ, रोलर, जाळी, जाळी कोणी काढली, का काढली. त्यांनी चष्मा वर केला.

"कोणी लिहिलंय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सावरून बसले. शाबासकी येणार याची मला खात्री होती.

"पोरी, चांगलं लिहिलंयस," वकील म्हणाले. "फक्त एक सांग. हात कोणता?"

मी कागद हातात घेतला. दोनदा वाचला. माझ्या सुवाच्य अक्षरातल्या त्या अकरा ओळींत उजवा किंवा डावा हा शब्द कुठेच नव्हता. मला आठवेनासुद्धा. दोन निळे हात आठवत होते आणि एक फडकं. टाके घालताना मी ट्रे धरून हातभर अंतरावर उभी होते.

"समोरचा वकील हेच विचारणार पहिलं," ते म्हणाले. "ज्यानं जाळीपर्यंत सगळं बघितलं त्याला हात दिसला नाही का, म्हणणार. मग बाकीचं पण गेलं."

डॉक्टर उठले, कपाटातून आपली वही काढली. ड्रेसिंगची नोंद ते स्वतः वेगळी ठेवायचे. तिथे एक ओळ होती: उजवा हात, तर्जनी व मधलं बोट, पुढची पेरं. एवढंच. कुठे झालं, कसं झालं, काही नाही. वकिलांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "हां. आता झालं." डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेतलं, चहा घेतला आणि गेले.

ते गेल्यावर दुपारी दवाखाना रिकामा होता. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार.

"तुला काय वाटलं, हात विचारला तेव्हा?"

मी खरं ते सांगितलं. "लाज वाटली."

"कशाची? पेशंटचा हात बघितला नाहीस याची, की कागदात भोक राहिलं याची?"

मी टेबलावरच्या कोऱ्या केसपेपरकडे बघितलं. तेच उत्तर होतं.

"मी पंचवीस वर्षं इथे बसलोय," डॉक्टर म्हणाले. "मला हात दिसतो. रोलर दिसत नाही. खरं सांगायचं तर बघायचा कंटाळा येतो. तुझं उलटं आहे. तू हुशार आहेस, डॉक्टर होशील, पास होशील. पण दर वेळेला तुला मुद्दाम हात बघावा लागेल. जन्मभर मुद्दाम बघायचं म्हणजे दमशील गं. आणि एखाद दिवशी बघायचं विसरशील."

ते रागावले असते तर मी हट्टानं डॉक्टर झाले असते. त्यांनी ते इतक्या सरळपणे सांगितलं, की माझ्या अंगावरून कुणी तरी पोतं उतरवून घेतल्यासारखं झालं. बाहेर येऊन मी सायकलला किल्ली लावली आणि मग लगेच दुसरी गोष्ट आठवली. बाबांना सांगायचं होतं.

निकाल लागला. मार्क चांगले आले. आईनं मजल्यावर पेढे वाटले, काकूंनी दुसराही गुडघा दाखवला. मी डॉक्टर होणार हे बाबांच्या शिफ्टमध्ये सगळ्यांना आधीच माहीत होतं, आता फक्त कळवायचं होतं. मेडिकलचा फॉर्म मुंबईहून कुणाबरोबर तरी मागवला होता, तो आला. भरून पाठवायचा शेवटचा दिवस शुक्रवार. मी तो फॉर्म जीवशास्त्राच्या पुस्तकात ठेवला आणि रोज एकदा काढून बघायची, परत ठेवायची. आई विचारायची, झाला का भरून? मी म्हणायची, अक्षर चांगलं यायला हवं, सावकाश भरते.

मनात माझा बेत वेगळाच होता. शुक्रवार उलटू द्यायचा. मग म्हणायचं, अगं बाई, राहूनच गेलं. चार दिवस बोलणी बसतील, मग निवळेल. पण चार्ज न देता जागा सोडणं मला जमेना.

बुधवारी बाबांची फर्स्ट शिफ्ट होती. साडेतीनला आले, हातपाय धुतले, चहा घेऊन बसले. मी लॉगबुकासारखं एक पान लिहून ठेवलं होतं, कारण तोंडानं सांगायला गेले तर मी रडेन किंवा भांडेन, आणि दोन्ही मला नको होतं. पान त्यांच्यासमोर ठेवलं. चालू काम: मेडिकल प्रवेश. स्थिती: फॉर्म आणला आहे, भरलेला नाही. अडचण: आवड नाही. पुढचं काम: बी.ए., नंतर वकिली.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. चहाचा कप खाली ठेवला.

"फॉर्मचा शेवटचा दिवस कोणता?"

"शुक्रवार."

"आज बुधवार. आज का सांगतेयस?"

"उद्या तुमची सुट्टी. मला वाटलं…"

"ते नाही विचारत. फॉर्म येऊन दहा दिवस झाले. म्हणजे तू हे ठरवून बंद करतेयस, की आपोआप बंद पडू देणार होतीस?"

बाबांनी कपाची कड बोटानं पुसली. "ठरवून बंद केलं तर कुठलंही मशीन परत चालू करता येतं, नाहीतर नीट झाकून ठेवता येतं. आपोआप बंद पडलं की आठवडा जातो, का पडलं ते शोधण्यात. सगळे एकमेकांकडे बघतात. कुठलं आहे तुझं?"

"ठरवून."

"मग हे 'आवड नाही' खोड. हे काय कारण झालं? मलाही नाईट शिफ्टची आवड नाही. काय झालं ते लिही."

मी आत गेले, अर्धा तास बसले आणि सगळं लिहिलं. रोलर, रक्ताचे थेंब, सरकवलेला कागद, सुपरवायझर, मला झालेला आनंद, वकिलांचा प्रश्न, डॉक्टर काय म्हणाले. पान दोन्ही बाजूंनी भरलं. बाबांनी ते पूर्ण वाचलं. मधे एकदा मागे जाऊन परत वाचलं. आई दारात हात पुसत उभी होती, तिला तोपर्यंत अंदाज आला होता.

"वकील?" आई म्हणाली. "काळा कोट घालून कोर्टात उभी राहणार? त्या कोटावर मळ दिसत नाही म्हणून कुणी धुतसुद्धा नाही."

"मी धुवीन."

"धुशील. आत्ता स्वतःचा रुमाल धुवायला तीनदा सांगावं लागतं."

बाबा अजून पानाकडे बघत होते. मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतं का बघत होते. दोन वर्षं त्यांनी त्या प्लांटमधल्या प्रत्येक माणसाला सांगितलं होतं. परवा प्रत्येकाला परत सांगावं लागणार होतं, आणि ते काम माझं नाही, त्यांचं होतं. मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटत होतं.

"कोणता हात होता शेवटी?" त्यांनी विचारलं.

"उजवा. तर्जनी आणि मधलं बोट."

"मग इथेही लिही की. परत राहिलंय."

खरंच राहिलं होतं. मी पेन घेतलं आणि लिहिलं. त्यांनी खाली तारीख टाकली, सही केली आणि म्हणाले, "घेतला."

शुक्रवारी मी पालघरला कॉलेजात गेले आणि आर्ट्सच्या रांगेत उभी राहिले. खिडकीतले क्लार्क मला ओळखत होते. माझी मार्कलिस्ट उलटसुलट करून बघितली. "ही रांग आर्ट्सची आहे. चुकलीस."

"नाही चुकले."

"घरी माहितीये का?"

"सहीसुद्धा आहे," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी फॉर्म घेतला.

बाहेर येऊन स्टेशनजवळ मी दोन वडापाव खाल्ले, उभ्यानं, एकामागून एक. दोन आठवडे घशाखाली नीट काही उतरलं नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. आईनं विचारलं, काय म्हणाले लोक? बाबा बूट काढत म्हणाले, "एक जण म्हणाला, आता आमचं ऑपरेशन कोण करणार? मी म्हटलं, ते नाही, पण मृत्युपत्र करून देईल." आईनं त्यांना असलं बोलू नका म्हणून दटावलं आणि चहा टाकायला गेली. मेडिकलचा कोरा फॉर्म तिनं लोणच्याच्या बरण्यांखाली फळीवर पसरला होता. कागद चांगला जाड होता. बरीच वर्षं टिकला.